देवघरातला हिमचंपा

राज्यपुनर्रचनेच्या आधी माझे थोरले भाऊ मंगरूळपीरला तहसीलदार होते. मी मॅट्रिक होऊन, लग्न ठरेपर्यंत त्यांच्याकडेच राहत होते. सरकारी बंगल्याच्या बागेत कुण्या गोऱ्या साहेबाने लावलेलं हिमचंप्याचं झाड होतं. जाड, चकचकीत पानांचं, रुबाबदार. पण फुलाचं नाव नाही. दादा त्याला मॅग्नोलिया म्हणत. म्हातारा शिपाई मंगरूळ्या म्हणायचा. साहेबांनी गावाचंच नाव झाडाला ठेवलं, अशी त्याची समजूत होती.

हे झाड उन्हाळ्यात फुलतं म्हणतात. आमच्याकडे एका पौषात, ऐन थंडीत त्याला पहिलीवहिली कळी आली. दादा कळीखाली उभे राहून म्हणाले, “इंग्रजांना जमलं नाही, ते स्वराज्यात झालं!”

वहिनी केनवडची, शेतकऱ्याची लेक. ती म्हणाली, “अन् रोज भांड्याचं पाणी मी टाकून राह्यली, ते?”

त्याच आठवड्यात जिल्ह्याचे बडे साहेब दौऱ्यावर येणार होते. हे फूल त्यांना दाखवायचंच, असं दादांनी ठरवलं, आणि कचेरी बागेत येऊन बसली. गारठा लागू नये म्हणून कळीभोवती तरट बांधलं. माकडं हाकायला एक कारकून नेमला. फेरफारासाठी आलेली माणसं ओट्यावर ताटकळायची. विचारलं की उत्तर मिळे, “साहेब बगीच्यात आहेत.”

“काहून?” एक शेतकरी म्हणाला, “बगीच्याचाबी फेरफार हाये का?”

दौऱ्याच्याच सकाळी कळी उमलली. पांढरंशुभ्र, ओंजळीत न मावणारं फूल. दादा आनंदाने दाढी करायला बसले. दाढी उरकून बाहेर येतात तो फांदी रिकामी! त्यांनी शिपायाला फैलावर घेतलं.

“साहेब, मंगरूळ्या बाईसाहेबांनी नेला,” तो म्हणाला.

फूल देवघरात होतं. त्याच्याआड आमचा पितळी बाळकृष्ण पार दिसेनासा झाला होता.

“अगं, ते फूल सरकारी होतं!” दादा ओरडले.

“मंग? देव का खाजगी हाये?” वहिनी शांतपणे म्हणाली. “काढाचं असंन तर काढा. मी नाई म्हणत नाई.”

दादांनी हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. मी तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाले.

तेवढ्यात जीप आली. दादा बड्या साहेबांना थेट देवघराकडेच घेऊन आले. बूट काढताना साहेबांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला सगळ्यांनी पाहिला. वहिनीने त्यांच्या हातावर तीर्थ दिलं. साहेबांनी हात जोडले आणि घट्ट डोळे मिटले.

“सर, हे मॅग्नोलिया...” दादा कुजबुजले.

“श्श! मंत्र नंतर,” साहेब म्हणाले.

डोळे उघडले ते वळताना. जाताना त्यांनी दादांचा खांदा थोपटला. “इतका श्रद्धाळू अधिकारी मी पाहिला नव्हता.”

पंधरवड्यात हुकूम आला. तालुक्यातल्या तमाम जत्रा आणि उरूस यांचा बंदोबस्त दादांकडे. गर्दीत त्यांना घेरी यायची. तरी पुढची दोन वर्षं ते धूळ खात, डोक्याला ओला रुमाल बांधून गावोगाव फिरले. वहिनीही सोबत जायची. फुलावरून वहिनीशी धरलेला अबोला पहिल्याच जत्रेत सुटला, कारण त्या हजारोंच्या गर्दीत ओळखीचं माणूस तेवढं एकच होतं.

वहिनी मात्र प्रत्येक जत्रेहून नव्या बांगड्या भरून यायची.