एक जास्त धर

उन्हाळ्याच्या सुट्टीत जिल्हा परिषदेच्या मास्तरांना एक हमखास काम असतं, ते म्हणजे पोरं गोळा करणं. ऊन तापायच्या आत आम्ही गावात दारोदार फिरतो, यंदा पहिलीत बसण्याजोगी मुलं कुणाच्या घरी आहेत ते विचारतो आणि आपली शाळा कशी चांगली आहे ते पटवून देतो. पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, दुपारी खिचडी, दोन शिक्षक. लोक ऐकून घेतात, पाणी देतात आणि मग विचारतात, "तुमची पोरगी कुठी शिकते गुरुजी?" हा प्रश्न आला की बहुतेक मास्तर रुमालानं तोंड पुसायला लागतात, कारण त्यांची मुलं तालुक्याच्या कॉन्व्हेंटात असतात. माझं तसं नव्हतं. अमडापूरच्या पुढच्या त्या गावात मी बायको आणि मुलीसह दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो आणि छातीठोकपणे सांगत होतो, "माझी पोरगी आपल्याच शाळेत बसणार." त्या उत्तराचा मला माज होता.

आमच्या शेजारी एक बाई राहायची. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. ती दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायची. तिची मुलगी माझ्या मुलीच्या वयाची, दिवसभर आमच्याच ओसरीवर. बाईचा भाऊ पुण्याला एका कंपनीत होता. त्याला तेव्हा मूलबाळ नव्हतं, आणि भाचीला आपल्याकडे नेऊन तिथल्या शाळेत घालायला तो तयार होता. पाठवावं की ठेवावं हे बाईला ठरवता येईना. एका संध्याकाळी ती मलाच विचारायला आली.

मी तिला चांगला अर्धा तास समजावलं. आईपासून लांब गेलेलं लेकरू कसं कोमेजतं, मातृभाषेतून शिकणं का बरं, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच विचारलं, "तुमची पोरगी इथंच राहीन ना गुरुजी?"

"हो," मी म्हणालो.

"मंग माही बी राह्यते."

तिनं माझ्यासमोरच भावाला फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं. पटावर एक नाव वाढलं. मला वादविवाद स्पर्धा जिंकल्यासारखं वाटलं.

दोघी पहिलीत बसल्या. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी आमच्या मोठ्या सरांकडे. मी कसा शिकवतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सकाळी हजेरी, मग मोबाइलवर माहिती भरा, मग तांदळाचा हिशेब, मग कुठलं तरी सर्वेक्षण. उरलेल्या वेळात एका वर्गाला पाढे म्हणायला लावायचे आणि दुसऱ्याला धडा. पोरं एका सुरात ओरडत राहतात, बाहेरून जाणाऱ्याला वाटतं काय जोरात शिकवणं चाललंय.

मार्चमधली गोष्ट. मुलगी ओसरीवर मोठ्यानं धडा वाचत होती. बायको कौतुकानं ऐकत भाजी निवडत होती. शेजारची पोर मागून डोकावली आणि म्हणाली, "हा धडा या पानावर नाई." पाहतो तर खरंच. आमची लेक भलतंच पान उघडून धडा पाठ म्हणत होती. बोटसुद्धा ओळीवरून फिरवत होती.

बायकोनं पुस्तक मिटलं. त्या रात्री ती भांडली नाही, हेच वाईट झालं. दुसऱ्या दिवशी चहा देताना म्हणाली, "तुम्ही तिला वर्षभर काय शिकवलं ते पाहिलं मी. आता दुसरी शाळा पाहा."

मग रविवारी रविवारी मोटरसायकलवर आम्ही तिघं गावं पाहत फिरलो. आधी खामगाव. शाळा जुन्या, नावाजलेल्या, बायकोचा जीव तिथंच अडकला. बाजाराच्या मागच्या गल्लीत भाडंही परवडत होतं, पण तिथून रोज अपडाऊन करायचं तर माझं अर्धं आयुष्य रस्त्यावर गेलं असतं. मग बुलढाणा. हवा थंड, साहेबलोकांची वस्ती, क्लासेसच्या पाट्याच पाट्या. भाडं ऐकल्यावर आम्ही घरमालकाच्या चहालासुद्धा थांबलो नाही. उरलं चिखली. गावाबाहेर एक नवा लेआऊट पडला होता. कालपरवापर्यंत तिथं सोयाबीन होतं. प्लॉटांचे दगड रोवलेले, मध्ये दहाबारा घरं, नळ नाही, टँकर येतो, पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी धरते की गाडी हातानं ओढावी लागते. घर नवं, भाडं आमच्या आवाक्यातलं. घरमालक म्हणाले, "शाळेची बस कोपऱ्यापर्यंत येते."

बायकोचा शब्दावर विश्वास उरला नव्हता. बस डोळ्यांनी पाहायची, असं तिनं ठरवलं. म्हणून मी सोमवारची किरकोळ रजा टाकली आणि आम्ही सकाळीच त्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहिलो. बस आली. पिवळी, दाराशी एक मावशी, आत टाय घातलेली पोरं. आमच्या मुलीनं हात हलवला, आतल्या दोघातिघांनीही हलवला. बायको म्हणाली, "इथंच." त्या सकाळी गावात माझा वर्ग कुणी घेतला, ते मी मोठ्या सरांना विचारलं नाही. कुणीच घेतला नसणार.

मोठ्या सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी पट उघडून नावं मोजली. मग म्हणाले, "पोरगी न्या. नाव मात्र इथंच राहू द्या. पट एकानं जरी घसरला तरी शिक्षकाची एक जागा जाईल, ती तुमचीच." नव्या शाळेनं दाखला मागितलाच नव्हता, फी मागितली होती. दाखला सवडीनं आणा म्हणाले. तेव्हा कुणाचंच अडत नव्हतं. माझी मुलगी शिकायला चिखलीत आणि हजेरीत माझ्यासमोर, असं ठरलं.

आम्ही मे महिन्यात सामान हलवलं. शेजारची बाई टेम्पोत भांडी चढवायला मदत करत होती. तिनं विचारलं, "काऊन चालले गुरुजी?" खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "हिच्या आईची तब्येत बरी नसते. थोडे दिवस जवळ राहावं लागेल." सासूबाई तेव्हा दुसरबीडला आपल्या घरी ठणठणीत होत्या. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि टेम्पोत जाऊन बसली.

जूनमध्ये शाळा उघडली. शेजारची पोर बसकरपट्टीवर आपल्या बाजूची जागा धरून बसायची. दुसरं कुणी बसायला आलं की दप्तर ठेवायची. "सर, ते कवा येईन?" "येईल." रोज मी हजेरी घ्यायचो, माझ्या मुलीचं नाव मनातच वाचायचो आणि पुढे हजर लिहायचो.

ती पोर हुशार होती. खिचडीसाठी डोकी मोजून आकडा मला आणि स्वयंपाकवाल्या मावशीला सांगायचं काम मी तिच्याकडे दिलं होतं. पहिल्याच आठवड्यात हजेरीपटाच्या खालची बेरीज पाहून ती म्हणाली, "सर, तुमचं चुकलं. पोरं एकानं कमी हायेत."

"एक जास्त धर," मी म्हणालो.

ती पुन्हा मोजून आली. बिचारीला वाटलं, तिचंच चुकलं असेल. दुसऱ्यांदाही तेवढीच भरली. मी पुन्हा म्हणालो, "एक जास्त धर." त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. रोज मोजायची, एक मिळवायची आणि सांगायची. ज्या पोरीला मी बेरीज शिकवली, तिच्याकडून मी रोज खोटी बेरीज करून घेत होतो. वर्षभरात मी शिकवलेलं बहुधा एवढंच तिच्या लक्षात राहिलं असेल.

दिवाळीच्या आधी शेजारच्या त्या मायलेकी चिखलीच्या बाजाराला आल्या होत्या. मला हे नंतर कळलं. त्या परतत असताना लेआऊटच्या कोपऱ्यावर शाळेची बस थांबली आणि त्यातून टाय घातलेली माझी मुलगी उतरली. दोघींनी तिला पाहिलं. हाक मारली नाही.

गावालाही एव्हाना कळलं होतं. गुरुजींनीच पोरगी हलवली म्हटल्यावर ज्यांना परवडत होतं त्यांनी वाट कशाला पाहावी? एक व्हॅन गावात यायला लागली. माझ्या शब्दावर थांबलेली घरं माझ्याच मागून निघाली.

जानेवारीत वरून एक साहेब अचानक तपासणीला आले. खिचडी नुकतीच आटोपली होती. त्यांनी हजेरी हातात घेतली, पोरांना उभं केलं आणि मोजलं. मग एकेक नाव मोठ्यानं वाचत माझ्या मुलीच्या नावावर बोट ठेवून विचारलं, "ही कुठं आहे?"

मोठे सर खिडकीबाहेर पाहत होते. तेवढ्यात ती पोर एक पाऊल पुढे आली.

"तिच्या आजीले बरं नाई, सर. जेवली अन् आताच घरी गेली, आजीपाशी."

माझंच वाक्य होतं ते. टेम्पोपाशी उभं राहून मी तिच्या आईला जे सांगितलं होतं, तेच. तिनं खरं डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी म्हणाली. साहेबांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. ती परत जाऊन बसली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही, आणि मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की तिच्याकडे पाहायचं मलाही सुचलं नाही. याची लाज मला आजही वाटते.

पुढच्या मे महिन्यात मी पुन्हा दारोदार फिरलो. तिच्या दारावरून नुसतं पुढे जायचा विचार होता. बाईनं हाक मारली, खुर्ची टाकली, पाणी दिलं. पोर आत कुठंतरी होती.

"साहेबापुढं ते खोटं बोलली," बाई म्हणाली. "घरी आल्यावर तिनंच मले सांगतलं. मी तिले मारलं गुरुजी. पह्यल्यांदा हात उचलला तिच्यावर."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "ताई, भावाकडे आता पाठवता येईल का तिला?"

"त्याले आता सोताचं लेकरू झालं. तवाच इचारत होता तो." मग तिनं विचारलं, "तुमच्या सासूबाईची तब्येत कशी हाय आता?"

तिला माहीत होतं. तिला माहीत आहे हे मलाही माहीत होतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "बरी आहे."

तिनं मान डोलावली आणि रिकामा तांब्या उचलून आत गेली.

मी तसाच शाळेत गेलो, कुलूप उघडलं आणि पटावरचं माझ्या मुलीचं नाव कमी केलं. फार मोठं काही केलं असं नाही. व्हॅननं पट तसाही खाली आणलाच होता. मोठे सर त्याच वर्षी निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. आता चारही वर्ग माझ्याकडे आहेत. संध्याकाळी मी लेआऊटवर परततो तेव्हा मुलगी इंग्रजीतून कविता म्हणून दाखवते. पान बरोबर असतं, मी पाहतो. मग मला तिसरीतली ती पोर आठवते. तिला पुण्याच्या शाळेत जाता आलं असतं. तिला मी ठेवून घेतलं आणि माझी पोरगी घेऊन निघून आलो.

डोकी मोजायचं काम अजून तिच्याकडेच आहे. दुपारी ती सगळ्यांना मोजते आणि माझ्या टेबलापाशी येऊन आकडा सांगते. पूर्वी सांगितलं की पळायची. आता मी पेन उचलून तो आकडा जसाच्या तसा लिहीपर्यंत ती तिथून हलत नाही.