गाडीत चढायच्या आधी

५ ऑक्टोबर. उद्यापासून द्राक्षबागांची छाटणी सुरू, म्हणून टोळीच्या बारा कात्र्यांना धार लावायला बसले आहे. हात आपोआप चालतात. डोकं मात्र सुरगाण्याकडे, पाड्यावरच्या तुम्हा सगळ्यांकडे जातं.

पाड्यावरून मी निघाले त्या सकाळी बाबा जीपपर्यंत सोडायला आले होते. माझ्या हातात कपड्यांची एक पिशवी. ते म्हणाले, "जो पहिला विचारील त्याच्या मळ्यात जा. निवडत बसू नको."

मी तसंच केलं. दिंडोरीच्या मजूर नाक्यावर पहिली पिकअप थांबली आणि दिवसाचा रोज किती ते न विचारता मी चढले. मालकाने माझ्याकडे बोट दाखवून बाकीच्या बायांना सांगितलं, ही तयार आहे, तुम्हाला काय झालं? त्या दिवशी सगळा नाका कमी रोजावर गेला. दुपारी जेवताना एकही बाई माझ्याजवळ बसली नाही. मला वाटलं, माझ्या बोलण्याच्या ढंगामुळे. खरं कारण कळायला आठवडा गेला.

त्याला वीसेक वर्षं झाली. आता टोळीची मुकादम मीच आहे. छाटणीच्या पहिल्या सकाळी जो रोज ठरतो, तोच पुढे चालतो. छाटणी लांबली की माल उशिरा येतो, म्हणून मालकाला घाई असते. चूल पेटवायची असते, म्हणून आम्हाला घाई असते. काम किती अवघड, हे कोणी विचारत नाही. ज्याला जास्त घाई, तो हरतो.

मागच्या दिवाळीत घरी आले तेव्हा इथला रोज मीच तुम्हाला फुशारकीने सांगितला होता. यंदा पावसाने पाड्यावरचा भात आडवा झाला, आणि तुम्हाला ते आठवलं. आज दुपारी भावजयीचा, सखूचा फोन आला. उद्या पंधरा जणी जीपने येतायत. मी तिला बजावलं, रोज ठरेपर्यंत गाडीत चढू नका.

"ताई, तुमची तिथं खोली हाय. आमाला सांजला पोरांच्या तोंडात घास घालायचाय. काय देतील ते घेऊ."

"माझ्या बायांचा रोज पडेल, सखू."

"तुमच्या बाया? मग आमी कोन?"

मी विषय बदलून जीप किती वाजता निघते ते विचारलं. सखूला अडवलं तर पाड्यावर तोंड दाखवायला जागा नाही. नाही अडवलं तर ज्या बारा जणींबरोबर इतकी वर्षं काढली, त्या उद्या माझ्याजवळ जेवायला बसणार नाहीत. आणि चूक कोणाची म्हणायची? सखू तेच करते आहे, जे मी केलं होतं.

तुम्ही विचारता, आता घर कुठलं, इथलं की तिथलं. एक दिवस कामावर न जाता जिथे निवांत बसता येतं, त्याला मी घर म्हणेन. तसं ते पाड्यावर नव्हतं. ही खोलीही भाड्याची आहे.

६ ऑक्टोबर. पहाटे उठून डब्यातलं सगळं नागलीचं पीठ परातीत ओतलं. सखूनेच पाठवलेलं होतं. हात भरून येईपर्यंत भाकऱ्या थापल्या, लसणाची चटणी वाटली आणि पाटी डोक्यावर घेऊन नाक्यावर गेले. जीप आली तशी पंधरा जणींना आमच्या बारा जणींमध्ये बसवलं आणि प्रत्येकीच्या हातात भाकरी दिली. उरलेल्या पदरात बांधून दिल्या, संध्याकाळी पोरांसाठी. उद्याला पीठ नाही, हेही सांगितलं.

पिकअप आली. मालकाने खिडकीतूनच रोज सांगितला, गेल्या वर्षीपेक्षा कमी. सखूने माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. कोणीच उठलं नाही.

थोड्या वेळाने मालक गाडी बंद करून रोजाचं बोलायला खाली उतरला.