शिकारीचे बूट आणि भिंगरीकाका

भिंगरीकाकांना बसलेलं पाहिल्याचं आमच्या ऑफिसात कुणालाच आठवत नसे. दुबईजवळच्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या कंपनीत ते परचेस बघत. तंबू, स्लीपिंग बॅगा, थंड मुलखात शिकारीला जाणाऱ्या अरबांसाठी जाड बूट, असला माल आम्ही मागवतो. कंपनीने काकांना चांगली फिरती खुर्ची दिली होती, पण तिच्यावर सॅम्पलची खोकी बसत. काका चालत चालत फोनवर बोलत, चालत चालत चहा पीत, आणि माझ्या टेबलासमोर इनव्हॉइस वाचतानासुद्धा या पायावरून त्या पायावर झुलत राहत. त्यांचं खरं नाव फक्त व्हिसावर होतं. आम्ही मराठी मंडळी त्यांच्या माघारी भिंगरीकाका म्हणायचो आणि बाकी सगळे, मालकासकट, नुसतं काका.

मला त्यांचा राग यायचा, हे आधीच सांगून टाकते. डोळ्यासमोर कुणी सारखं हलत असलं की मला काही सुधरत नाही. एकदा त्यांना अजमानला घरी जेवायला बोलावलं, तर हा माणूस ताट हातात घेऊन हॉलभर फिरत जेवला. बाल्कनीत जाऊन आला, मग स्वयंपाकघरात डोकावून म्हणाला, "आमटी फर्स्ट क्लास झालीय गं!" ते गेल्यावर माझ्या लेकीने विचारलं, "ममा, व्हाय डझन्ट अंकल सिट?" मी म्हटलं, "पुढच्या वेळी तूच विचार त्यांना." पुढच्या वेळी ते दारातूनच डबा घेऊन गेले.

काकू कराडला असत. त्यांच्या किडन्या निकामी झालेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. तो सगळा व्याप त्यांचा भाऊ सांभाळे. काका सुट्टीत जात, पण चार तास काकूंच्या पलंगाशेजारी बसणं काही त्यांना जमत नसे. ते बाहेर कॉरिडॉरमध्ये येरझारा घालत. शेवटी काकूच म्हणाल्या, "तुम्ही आपले दुबईलाच बरे. तुमच्या चपलांच्या आवाजानेच मला घेरी येते." हे काकांनी मला हसत हसत सांगितलं आणि सांगून होताच गोडाउनकडे निघून गेले. प्रत्येक सुट्टी ते अशीच अर्धवट टाकून परत यायचे.

बूट निवडायची त्यांची स्वतःची पद्धत होती. इथे ऊन असं की गाडीच्या दाराला हात लाववत नाही. मग बर्फातले बूट तपासायचे कुठे? तर शेजारच्या कंपनीचं फ्रोझन माशांचं कोल्ड स्टोअर होतं. तिथल्या सुपरवायझरशी काकांनी दोस्ती केली होती. नवं सॅम्पल आलं की काका जाकीट चढवत, बूट घालत आणि सुरमईच्या खोक्यांमधून झपाझप फेऱ्या मारत. मग बाहेर येऊन पायाची बोटं चाचपत आणि जाहीर करत, "खलास! आत भट्टी आहे नुसती. टाका ऑर्डर!" आम्ही ऑर्डर टाकत असू.

अबू सालेम हे आमचे जुने गिऱ्हाईक. सत्तरी ओलांडलेले, उम्म अल कुवैनला राहणारे, आणि दर हिवाळ्यात कझाकस्तानच्या डोंगरांत रानबकऱ्याच्या शिकारीला जाणारे. एका वर्षी ते काकांनी निवडलेले बूट घेऊन गेले आणि परत आले ते काठी टेकत. आधीच मधुमेह, त्यात पाय गारठून दोन बोटं काळीनिळी पडली होती. पुन्हा असं झालं तर बोटं कापावी लागतील, असं डॉक्टरने बजावलं होतं. ऐकून काकांच्या तोंडचं पाणी पळालं. अबू सालेम मात्र शांतपणे म्हणाले, "काका, तुम बूट कैसे देखता? हमको दिखाओ."

काकांनी त्यांना कोल्ड स्टोअरच्या दाराशी उभं केलं आणि आत नेहमीच्या फेऱ्या मारून दाखवल्या. दाराच्या काचेतून बघता बघता म्हातारा पोट धरून हसायला लागला. काका बाहेर आल्यावर म्हणाला, "हबीबी, तुम चलता. हम बैठता! पत्थर के पीछे, सुबह से दोपहर. हिलेगा तो बकरा भाग जाता." चालत्या माणसाचे पाय कुठल्याही बुटात गरम राहतात, ही केवढी साधी गोष्ट. पण ती आमच्या काकांना सुचावी कशी? वर अबू सालेमनी सांगून टाकलं की येत्या हिवाळ्यात ते पुन्हा जाणार आणि बूट काकाच निवडणार. "दूसरा कोई नहीं. तुम बैठेगा, इन्शाल्ला."

त्यानंतर काका दुप्पट चालायला लागले. "म्हाताऱ्याची बोटं माझ्या गळ्यात बांधलीत गं," म्हणत माझ्या टेबलाभोवती घिरट्या घालायचे. सॅम्पल येऊन पडली तरी हात लावेनात. कोल्ड स्टोअरमध्ये जास्त वेळ एकट्याने थांबायचं नाही असा नियम होता, म्हणून शेवटी मला सोबत धरलं. मीच का, विचारलं तर म्हणाले, "तू ओरडतेस चांगली."

आणि मी ओरडलेच. माशांच्या रिकाम्या क्रेटवर काका बसले, आणि माझं जाकीट बंद करून होतंय तोवर उठलेसुद्धा. "बूड टेका काका!" बसले. पुन्हा उठले. "काका, बोटं कुणाची जाणार आहेत?" मग मात्र गुडघे दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. तोंडातून वाफा निघत होत्या. खाली बुटांकडे बघतच म्हणाले, "बसलो ना, की वाटतं, आता कुणीतरी येणार आणि तिची वाईट बातमी सांगणार. चालत असलो की कुणाला गाठता येत नाही मला. तिला काय वाटत असेल गं, मी बाहेर फिरत असतो तेव्हा?"

इतकी वर्षं मी या माणसावर चिडत होते. मी म्हटलं, "काका, काकूंना वाटत असेल, हे आत का येत नाहीत." काका उठले मात्र नाहीत.

मग आमचा तो रोजचा उद्योगच झाला. आधी गोडाउनचा जिना चढायचा, कारण शिकारीही डोंगर चढून मगच बसतो, आणि लगेच आत जाऊन बसायचं. सगळ्यात जाड बूट पहिल्याच दिवशी बाद झाले. चढताना पाय घामेजले आणि बसल्यावर तोच घाम गार पडला. दुसरे बूट दोन मोज्यांवर घट्ट बसले, बोटं बधिर झाली. शेवटी ठरले ते आत फेल्टचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, सुटं अस्तर असलेले, एक नंबर मोठे, बोटं आत मोकळी हलतील असे. शिवाय चढून झालं की मोजे बदलायचे, हे काकांनी अबू सालेमकडून तीनतीनदा वदवून घेतलं.

त्या हिवाळ्यात काका फोन हातात धरूनच वावरत होते. एका सकाळी डोंगरातून अबू सालेमचा व्हॉइस मेसेज आला, मागे वारा घोंघावत होता. "काका! बकरा नहीं मिला. पैर गरम!" काकांनी तो मेसेज पुन्हा पुन्हा लावला. मग खुर्चीवरची खोकी खाली ठेवली, खुर्चीत बसले आणि राजीनामा टाइप केला.

निरोपाच्या दिवशी मालकांनी विचारलं, काय देऊ? काका म्हणाले, "ते फेल्टवाले बूट द्या एक जोडी. सगळ्यात लहान नंबर." मी म्हटलं, "काका, कराडला हे कोण घालणार?" त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे, तोवर ते सगळ्यांना शेकहँड करत दारापर्यंत पोचलेसुद्धा होते. "यल्ला, येतो!" म्हणाले आणि गेले. त्यांच्यामागे ऑफिस इतकं स्तब्ध झालं की मला काम सुचेना. मीच दोनदा उठून गोडाउनपर्यंत जाऊन आले.

परवा दुपारी त्यांना फोन लावला. उचलला काकूंनी. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "डायलिसिस चालू आहे माझं. हे इथंच आहेत, शेजारी. बसल्या बसल्या डोळा लागलाय." मी तब्येतीची चौकशी केली. तर म्हणाल्या, "रक्त फिरतं ना बाहेरून, त्याने पाय बर्फ व्हायचे माझे. आता तुमचे ते शिकारीचे बूट घालून पडते. सगळा वॉर्ड हसतो." मग त्यांनी विचारलं, "उठवू का यांना?"

"नको काकू," मी म्हटलं, "बसू द्या त्यांना."