चार-दहाला अडकणारा लॅपटॉप

आमचं दुकान एकच होतं, पाट्या दोन. डाव्या अर्ध्यात मी घड्याळं दुरुस्त करायचो आणि उजव्या अर्ध्यात माझा शेजारी कानवाला कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. मधे भिंत नव्हती, जमिनीवर खडूची एक रेघ होती. ती दर आठवड्याला थोडी माझ्या बाजूला सरकलेली असायची. त्यावरून आमचं वाजायचं. एकवीस वर्षं वाजलं, आणि आता कुणाशी भांडू, हा माझा प्रश्न आहे.

कानवाला हे नाव गल्लीनं दिलेलं. लहानपणी तापात त्याचा डावा कान गेला, तेव्हापासून सगळी भिस्त उजव्यावर. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. यंत्रं बदलली, हा बदलला नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतली डिस्क सुरळीत फिरते की कुठे अडखळते, हे त्याला असं कळायचं. नवीन गिऱ्हाईक घाबरून माझ्याकडे बघायचं. मी म्हणायचो, "माणूस चक्रम आहे, पण काम चोख."

प्रत्येक यंत्राला तो एक चिठ्ठी चिकटवायचा. वरच्या ओळीत 'सांगितलेलं', खालच्या ओळीत 'सापडलेलं'. वर गिऱ्हाइकाचेच शब्द, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. खाली खरं कारण. बाईसाहेबांनी सांगितलं 'आपोआप बंद पडला', तर खाली स्वच्छ अक्षरात 'चहा सांडला'. यावरून लोक चिडायचे, दोन-चार जण कायमचे तुटले. मी म्हणायचो, "अरे, जरा जीभ आवर. 'ओल धरली' लिहिलंस तर तुझं काय जातं?" तो म्हणायचा, "खोटं कारण लिहिलं की पुढचा दुरुस्त करणारा चुकतो."

असा हा माणूस एकदा खोटं बोलला. माझ्यादेखत बोलला.

चाळिशीची एक बाई लॅपटॉप घेऊन आली. मागोमाग तिचे वडील, ग्रंथालयातून निवृत्त झालेले ग्रंथपाल. ते दुकानात शिरले तेही पाय न वाजवता. लेकीनं लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "काका, हा रोज चार वाजून दहा मिनिटांनी अडकतो. सगळं जागच्या जागी थिजतं, मग निळा पडदा येतो आणि आपोआप परत सुरू होतो. पुढे दिवसभर ठणठणीत. तिघांना दाखवला. एकानं पंखा साफ केला, एकानं रॅम बदलली, तिसरा म्हणाला फॉरमॅट मारा. पण पुसायचा नाहीये. यात माझ्या आईचा आवाज आहे."

संतापलेलं माणूस परक्यापुढे सगळं बोलून टाकतं, तसं तिनं टाकलं. आई जाऊन आठ महिने झाले होते. आजारपणात ती अंथरुणावरच असायची आणि लॅपटॉप उशाशी. वडील गोळी विसरायचे, साध्या गजराला दाद द्यायचे नाहीत, म्हणून तिनं स्वतःच्या आवाजात आठवण भरून ठेवली होती. रोज चार-दहाला लॅपटॉप तिच्या आवाजात बोलायचा. ती गेली त्या दुपारी वडील सहा वाजेपर्यंत तिच्या शेजारी खुर्चीत बसून होते. त्यांनी तिला उठवलंच नाही.

"बाबा म्हणतात, त्या आठवणीत आईच सांगायची की मी झोपले असेन तर उठवू नका," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर काही करता आलं असतं. मी आठ महिने यांच्या घरी पाण्याचा घोटही घेतलेला नाही. मला ते वाक्य एकदा कानांनी ऐकायचंय. असेल तर मी त्यांची माफी मागेन. नसेल तर यांचं तोंड बघणार नाही."

वडील माझ्या भिंतीवरच्या घड्याळांकडे बघत होते. दुरुस्तीला आलेली घड्याळं, प्रत्येक वेगळ्या वेळेवर बंद पडलेलं. त्यांनी एवढंच विचारलं, "आवाज निघालाच नाही तर?"

"तर तसं सांगेन," कानवाला म्हणाला. "कधी पडला होता का हा? धक्का वगैरे?"

"नाही," लेक म्हणाली. वडिलांनी नजर परत घड्याळांकडे वळवली.

चिठ्ठीवर वरची ओळ भरली: 'रोज चार-दहाला अडकतो.'

त्या दुपारी आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसलो. कानवाल्यानं आधीच सगळं तपासलं होतं. पंख्यात धूळ नव्हती, हात ठेवला तर गरमही नव्हता, रॅम काढून दुसरी घालून पाहिली, चार्जर बदलला. तीन तास यंत्र शहाण्यासारखं चाललं. चार वाजून दहा झाले आणि पडद्यावरचा बाण थिजला. आतून बारीक आवाज यायला लागला. टक, टक, टक. जरा थांबून पुन्हा टक, टक, टक. बंद दार आतून कुणी ठोठावावं तसा. मग पडदा निळा झाला. खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. मी भुतंखेतं मानत नाही, पण दिवसाढवळ्या मला तिथे बसवेना.

"काही नाही रे," कानवाला स्क्रूड्रायव्हर कानाला लावून म्हणाला. "डिस्क एकाच जागी वाचायला जाते, वाचता येत नाही, परत जाते. त्यात सगळं यंत्र खोळंबतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्यानं लॅपटॉपचं घड्याळ पुढे करून चार-नऊ केलं. एक मिनिटानं तेच. टक, टक, टक. म्हणजे यंत्राला दुपारचं काही नव्हतं, तो आकडाच हवा होता. आकडा आला की ते आईचा आवाज काढायला धावायचं, आणि डिस्कवर नेमक्या त्याच जागी ओरखडा होता.

"चालू असताना दणका बसलाय," तो म्हणाला. "आणि तोही नेमका ती बोलत असताना. नाहीतर घाव एवढा नेमका बसत नाही."

त्यानं डिस्क बाहेर काढली, आपल्या यंत्राला जोडली आणि नवीन डिस्कवर उतरवून घ्यायला लावली. घाई केली की असल्या डिस्का कायमच्या जातात. चांगला भाग एका दिवसात उतरला. ओरखड्याची जागा मात्र एकेक कण करून, कधी पुढून, कधी उलट्या बाजूनं, तीन दिवस. तेवढे दिवस त्यानं मला शिंकूसुद्धा दिलं नाही. टेबल हलतं म्हणे.

चौथ्या दिवशी फाइल उतरली. गिऱ्हाइकाचं काही ऐकायचं नाही, दोन सेकंद वाजवून उघडते एवढं बघायचं, हा त्याचा नेम. त्या दिवशी त्याचा हात बंद करायच्या बटणावर गेलाच नाही. आणि कान अर्धा असल्यामुळे तो जुन्या रेडिओच्या मोठ्या स्पीकरवर वाजवायचा, त्यामुळे मीही ऐकलं. आवाज थकलेला, पण गमतीतला. मधे एकदा हसलीही होती.

"अहो, चार वाजून दहा झाले. गोळी घ्या. पाण्याबरोबर, चहाबरोबर नको. आणि घेतलीत की मला उठवा. नुसती हाक मारू नका, तुमची हाक कुणाला ऐकू जात नाही. पाय हलवा माझा."

त्यानं चिठ्ठी पुढे ओढली. मी म्हणालो, "आता काय लिहिणार खाली?" त्यानं पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. त्या दिवशी मला त्याची दया आली, आणि थोडी गंमतही वाटली. देव मला क्षमा करो.

बापलेक आले. कानवाल्यानं आपल्या यंत्रावर फाइल लावली. 'चहाबरोबर नको' इथे त्यानं बटण दाबलं.

"एवढीच निघाली," तो म्हणाला. "पुढे काहीतरी आहे. पण ते वाचता येत नाही."

लेक आईच्या आवाजानं रडायला लागली होती. डोळे पुसत तिनं विचारलं, "बाबा सांगतात तेच असेल का?"

कानवाल्याचा कान लाल झाला. "असेल," तो म्हणाला.

तिनं वडिलांचा दंड धरला. "चला बाबा. आज माझ्याकडे जेवायचं. आणि आता तिथेच राहायचं." वडील उठले. माफी मिळालेल्या माणसाचा चेहरा उजळतो ना, तसा त्यांचा उजळला नाही. दारातून त्यांनी वळून कानवाल्याकडे पाहिलं, आणि ती नजर मला आजही सोडत नाही. चिठ्ठीची खालची ओळ कोरीच राहिली, म्हणून ती यंत्रावरून काढून त्यानं खणात टाकली होती. एकवीस वर्षांतली ती एकच.

दोन आठवड्यांनी ग्रंथपाल एकटेच आले. पावणेचार झाले होते. स्टुलावर बसले, गुडघ्यांवर हात ठेवले.

"तुम्ही पूर्ण ऐकलंत ना?"

"हो," कानवाला म्हणाला.

"मला पाठ आहे ते. दोन वर्षं रोज ऐकलंय." ग्रंथपाल इतक्या हळू बोलत होते की कानवाला पुढे झुकला. "त्या दिवशीही ऐकलं. गोळी घेतली, पाण्याबरोबर. मग पेपर उघडला. घर इतकं शांत होतं. उठली की बोलत सुटायची ती, दिवे लागेपर्यंत. म्हटलं, झोपू दे अजून थोडी. मला जरा शांतता हवी होती. बस्स, एवढंच. मुलीनं विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं की तिनंच उठवू नका म्हटलं होतं. मग ते मागे घेता येईना. आणि दुसऱ्या दिवशी चार-दहाला ती पुन्हा बोलली. 'मला उठवा' म्हणाली. मी झाकण आपटलं. जोरात. तेव्हापासून अडकतो हा."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "अहो, मग आता कशाला आलात? निभावलंय ना सगळं? याचा शब्द घालवलात तुमच्यापायी!"

"म्हणूनच आलो," ते म्हणाले. "मुलगी रोज प्रेमानं वाढते आणि मला घास गिळवत नाही. आज सांगणार आहे तिला. त्याआधी मला ती पूर्ण ऐकायचीय. तिचा आवाज आहे हो. शिव्या दिल्या असत्या तरी ऐकला असता."

कानवाल्यानं स्पीकर लावला नाही. लॅपटॉपमध्ये तोडलेला तुकडाच भरून दिला होता, पूर्ण फाइल त्यानं स्वतःच्या यंत्रात ठेवली होती; ती लावून इअरफोन त्यांच्या हातात दिला. तेव्हा बरोबर चार-दहा झाले होते. हे मी घड्याळवाला म्हणून सांगतो. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं, फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. मधे ते हसले, जिथे ती हसली होती तिथे. आणि शेवटी त्यांनी हात पुढे केला, जिथे काहीच नव्हतं तिथे, बोटं मिटली आणि हळूच हलवली. दोनदा. मग थांबून आणखी एकदा.

ते गेल्यावर कानवाल्यानं जुनी चिठ्ठी शोधून काढली आणि खालच्या ओळीत लिहिलं, 'झाकण आपटलं.'

आठवड्यानं लेक आली. रेघेच्या अलीकडेच उभी राहिली, माझ्या बाजूला.

"काका, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

"हो."

"बाबा माझ्याकडेच आहेत. गोळी मी देते. त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, म्हणून मला त्यांना ठेवून घेता आलं. पण आईचं बोलणं तुम्ही मधेच तोडलंत. 'मला उठवा' हे ती म्हणत होती आणि तुम्ही बटण दाबलंत. बाबांनी केलं तेच तुम्ही केलंत." ती रडत नव्हती. "मी पुन्हा येणार नाही."

कानवाल्यानं मान हलवली. मी तोंड उघडलं, तर त्यानं हातानं मला थांबवलं.

त्यानंतर तो चार वर्षं जगला. काम तसंच चोख, चिठ्ठ्या तशाच. फक्त रोज चार वाजून दहा मिनिटांनी हातातलं काम खाली ठेवायचा आणि चांगला कान उजव्या तळहातानं झाकून बसायचा. मिनिटभर. मी कधी थट्टा केली नाही. खडूची रेघ त्याच काळात कधीतरी पुसली गेली, आणि आम्ही ती परत ओढली नाही.

आता उजवा अर्धा रिकामा आहे. माझी पंचाईत अशी की भिंतीवर दुरुस्तीची चाळीस घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी. कधीही मान वर केली तर एखादं चार-दहावर असायचंच. शेवटी मी एका रविवारी बसून सगळी चालू केली आणि एका वेळेला लावली, म्हणजे ते दिवसातून फारतर दोनदा येईल. पहाटेचं मी झोपेत काढतो. दुपारचं आलं की चाळीसही घड्याळांचे काटे एकदम तिथे पोचतात, आणि मी उठून, कुणी बघत नाही ना ते पाहून, त्याच्या रिकाम्या खुर्चीचा खांदा जरा हलवतो.