माळेचा पहिला भाग

माझी बायको मार्था गेली आणि माझी प्रार्थना निम्मी झाली. शोभेसाठी म्हणत नाय, खरंच निम्मी झाली. आमच्या घरात चाळीस वर्षं रोज संध्याकाळी रोझरीची माळ व्हायची. प्रत्येक मण्याला पहिला भाग ती म्हणायची, "नमो मरिये, कृपापूर्णे..." आणि मी उत्तर द्यायचो, "हे पवित्र मरिये, देवाच्या माते..." मला माझाच भाग येत होता. तिचा कधी शिकलोच नाय. ती होती की.

जाताना तिनं माळ माझ्या हातात दिली. "बंद पाडू नका," एवढंच बोलली. मी व्हय म्हणालो.

तिला मातीत ठेवून आलो त्या सांजेला बसलो. मणी धरला, तिच्या आवाजासाठी जागा सोडली, मग माझं उत्तर दिलं. घरात पुस्तक होतं. चौथी शिकलोय, अक्षर जुळवून वाचलं असतं. पण तिचे शब्द माझ्या तोंडून काढायची हिंमत झाली नाय. देवावर रागही लई होता. चार दिवस असं निम्मंच म्हटलं. पाचव्या दिवशी ठरवलं, आज शेवटची, उद्यापासून माळ खुंटीला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "भाऊ, पाच दिस झालं निम्मंच बोलताय. आधीचं कोण म्हणणार, माझी शेळी?"

ती कौसाबाई, आमची शेजारीण. धनगराची, तीही एकटीच. दोन वर्षं मी तिच्याशी बोललो नव्हतो. तिच्या शेळीनं मारियामातेसाठी लावलेला झेंडू खाल्ला म्हणून मी तिला नाही नाही ते बोललो होतो. वर मी गवंडी, रागाच्या भरात अंगणातली भिंत हातभर चढवली. तेव्हा मार्था म्हणाली होती, "माळ ओढता आणि भिंत बांधता, लाज नाय वाटत?" मला नव्हती वाटली.

मग पलीकडून तिनंच सुरू केलं, नमो मरिये. एक शब्द चुकला नाय. वीस वर्षं शेजारी ऐकून पाठ झालेलं, मार्थाच्याच चालीत, 'कृपापूर्णे'वर तसंच जरा थांबून. मी उत्तर दिलं. पन्नास मणी संपले तेव्हा ती म्हणाली, "माझा देव बिरोबा, भाऊ. पण मार्थाताईची वेळ चुकली की मला घास जात नाय."

याला चमत्कार म्हणा, नका म्हणू. मी भांडायला बसलो नाय. एवढं कळलं की, जिच्या आड मी भिंत घातली तिच्याच तोंडून देवानं माझी माळ राखली. त्या रविवारी चर्चमध्ये पापकबुली दिली. सोमवारी छिन्नी-हातोडा घेऊन चढवलेली भिंत उतरवली. गुडघे बोलत होते, तरी शेवटची वीट काढूनच थांबलो. पहिला भाग मी कौसाबाईकडून शिकलो, या वयात, शब्द-शब्द करून. आता सांजेची माळ दोघं मिळून म्हणतो, पहिला भाग आळीपाळीनं. देवाचे उपकार मानतो, तिचेही.

राग अजून आहे. रोज उठून त्याला दाबावं लागतं. परवा शेळी आली आणि नवा झेंडू देठासकट खाऊन गेली. शिवी ओठापर्यंत आली, ती गिळली. कौसाबाई बुटक्या झालेल्या भिंतीवरून बघतच होती. "बोला की भाऊ, काय अडकलं?"

म्हणालो, "संध्याकाळी बोलतो. आज पहिला भाग माझा."