मुरमाच्या कोर्टावरची लेडीज बॅच

टेनिस शिकवणाऱ्या माणसाकडे किस्से फार साचतात. कारण सोपं आहे. तासाभराच्या प्रॅक्टिसमध्ये चाळीस मिनिटं चेंडू मारायचे आणि वीस मिनिटं ते गोळा करत फिरायचं! त्या वीस मिनिटांत तोंड कोण बंद ठेवतं? आणि बॅच आमच्या कारंजा गावच्या बायकांची असेल, तर उरलेल्या चाळीस मिनिटांतही कोणी ठेवत नाही.

मी शाळेत पीटी शिकवते आणि सकाळी सहा ते सात हायवेजवळच्या मैदानावर ही लेडीज बॅच घेते. कोर्ट एकच, मुरमाचं, रेषा चुन्याच्या. बायका बारा. एका कोर्टावर बारा जणींना गुंतवून ठेवायचं म्हणून मी व्हिडिओ बघून नवेनवे खेळ शोधते. बायका त्या खेळांचं पुढे जे काही करतात, ते मात्र कुठल्याच व्हिडिओत नसतं.

*

चेंडू गोळा करायला मी हौसेनं ऑनलाइन बास्केट मागवल्या. दोन टीम केल्या. "जी टीम जास्त चेंडू भरेल ती जिंकली," असं सांगून शिट्टी फुंकली.

पुष्पाकाकूंची शेती रोडच्या पलीकडेच आहे. त्यांनी ओढणी कमरेला बांधून पुढे ओटी केली, कापूस वेचताना करतात तशी, आणि दोन्ही हातांनी सुटल्या. समोरच्या टीमनं बास्केट उचलेपर्यंत अर्धं कोर्ट साफ!

"काकू, बास्केट वापरायची होती हो!"

"मॅडम, वेचाले दोन हात लागते. तुमची बास्केट धरू का बॉल उचलू?"

दुसऱ्या दिवशी बाराही जणी ओट्या बांधून हजर. बास्केटमध्ये आता पाण्याच्या बाटल्या असतात.

*

शारदा नवऱ्यासोबत हायवेवर ढाबा चालवते. तिच्याकडून तेलाचे रिकामे डबे आणून मी कोर्टाच्या टोकाला ठेवले. प्रत्येकीनं पाच चेंडू मारायचे, डब्याला लागला की एक पॉइंट.

अकरा जणींचे चेंडू डबे सोडून सगळीकडे गेले. एक तर रोडवर उभ्या ट्रकमध्ये पडला आणि अमरावतीकडे निघून गेला. मग शारदा आली. टण्ण! टण्ण! पाचातले चार.

मी चाटच पडले. "तू आधी खेळलीस का गं कुठे?"

"नाई जी. ढाब्यासमोर रोडवर गाई येऊन बसते. ट्रकखाली येईन म्हून दिवसभर गोटे मारून उठवा लागते. पन तिथं अंगाले लागू नाई द्याचा, बाजूले पाडाचा. इथं तं सोपं हाये!"

*

मग 'राणी' नावाचा खेळ. कोर्टाची एक बाजू राणीची. समोर रांगेतली एकेक जण येते. जिंकली ती राणी म्हणून थांबते, हरली ती रांगेच्या शेवटी जाते. सगळीकडे मुलं या खेळात जिवाच्या आकांतानं खेळतात.

आमच्याकडे राणी मुद्दाम चेंडू जाळीत मारायची. समोरचीही तेवढंच मन लावून बाहेर मारायची. दोघींची हरण्यासाठी धडपड!

मी शेवटी ओरडले, "काय चाललंय हे?"

राणीच्या जागेवरून शारदा रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, मी इकडं एकटी काय करू? तिकडं रांगेत माह्याच नणदेच्या लग्नाचं चालू हाये, अन मलेच आयकू येऊन नाई राह्यलं!"

मी नियम उलटा केला. जिंकेल ती रांगेत गप्पा मारायला, हरेल तिनं तिथेच थांबायचं. त्या दिवशी जे टेनिस झालं, तसं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

*

आता जावांचं सांगते.

नलिनीताई आणि वैशाली सख्ख्या जावा. बियाण्यांचं दुकान, एकत्र घर. नलिनीताई थोरल्या. बॅचमध्ये आपण घरच्या धाकटीकडून एकदाही हरलो नाही, याचा त्यांना भारी तोरा. वैशाली कॉलेजच्या टीममधून खेळलेली. लग्नानंतर सहा वर्षांनी तिनं पुन्हा रॅकेट धरली, तेव्हा तिचा पहिलाच बॅकहँड बघून मी शिट्टी वाजवायची विसरले होते.

पण समोर नलिनीताई आल्या की सगळं बिघडायचं. आमच्याकडे अंपायर नसतो, आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर हे जिचं तिनं सांगायचं. नलिनीताईंचा चेंडू वीतभर बाहेर पडो की हातभर, वैशाली म्हणायची, "आत!"

मी एकदा तिला बाजूला घेऊन झापलं. "का गं असं करतेस?"

"मॅडम, इथून घरी जाऊन त्याईच्याच संगं भाजी निवडाची हाये."

मला तिचा राग यायचा आणि तिचं वाईटही वाटायचं. कारण नागपूरच्या लेडीज टुर्नामेंटला चौघी न्यायच्या होत्या, तिघी ठरल्या होत्या, आणि वैशाली रोज चेंडू गोळा करता करता विचारायची, "चौथी कोन, मॅडम?" नलिनीताईंनी तर नागपूरसाठी पांढरे बूटही घेऊन ठेवले होते.

मी दोघींची मॅच लावली. आधी सात पॉइंट करेल ती जाईल, फक्त दोनचा फरक हवा. अंपायर नाही.

वैशालीनं पाच चेंडू 'आत' देऊन टाकले. तरी सहा-पाचनं तीच पुढे, एकच पॉइंट बाकी! तिच्या हाताला खोटं खेळणं जमतच नव्हतं, खोटं जमायचं ते तोंडाला. रांगेतल्या गप्पा बंद झाल्या.

पुढचा चेंडू नलिनीताईंनी जीव खाऊन मारला. रेषेच्या वीतभर बाहेर पडला. मुरमावर गोल खूण सगळ्यांना दिसत होती.

"आत!" वैशाली म्हणाली.

नलिनीताई नव्या बुटांनी चालत जाळीला वळसा घालून पलीकडे आल्या. खुणेजवळ उभ्या राहिल्या. रॅकेटच्या टोकानं खुणेभोवती रेघ ओढली.

"काय हाये हे?"

"आत होता, ताई."

"घरात मोठी कोन हाये? मी का तू?"

"तुम्ही, ताई."

"मंग मी सांगून राह्यली न, बाहेर हाये म्हून!"

वैशाली खाली मान घालून पुटपुटली, "बाहेर."

"आयकू नाई आलं," नलिनीताई म्हणाल्या. "रांगेपर्यंत गेलं पाह्यजे. जोरात म्हन!"