मलावीत घातलेलं गाऱ्हाणं

फिलू गेल्याचा फोन आला तेव्हा मी बांगडे साफ करत होते. हात माशांचे, म्हणून आमच्या ह्यांनी फोन घेतला. "फिलूचा चेडू बोलता, मलावीसून," म्हणाले आणि फोन माझ्या कानाला लावला. रूथ सांगत होती, मम्मीला ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि काल सकाळी... आज मातीही दिली. माणूस अशा वेळी विचारतं, कसं झालं, त्रास झाला का. माझ्या तोंडून निघालं, "खंय? माती खंय दिलात?" चर्चच्या मागे, रूथ म्हणाली. बांगडे मी मांजरीला घातले आणि त्यानंतर बरेच दिवस माशाला शिवले नाही. शेवटी हे म्हणाले, "सुतक कोणाचा गो धरलंस? ती किरिस्तांव, आपण देवळाचे मानकरी." मासा का नको वाटतो, हे मला तरी कुठे ठाऊक होतं.

आमच्या आणि फिलूच्या घरांमध्ये एक दगडी गडगा होता, तोही अर्धा ढासळलेला. माझे वडील देवळात गाऱ्हाणं घालायचे. देवासमोर उभं राहून गावाच्या वतीने मोठ्याने मागणं मागायचं आणि भोवतीच्या माणसांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, हा आमच्याकडचा रिवाज. बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं. फिलूला हे कोण सांगणार? रविवारी आईबरोबर फ्रॉक घालून इगर्जीत जायची आणि दुपारी आमच्या काजूखाली उभी राहून आवाज जाड काढून सुरू करायची, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाची परीक्षा इली आसा, काय चूकभूल झाली असात तर पदरात घे..." मी व्हय म्हणायची. एकदा झाडामागून दुसराच दणदणीत 'व्हय म्हाराजा' आला. बघतो तर माझे वडील. आम्ही गर्भगळित झालो, ते हसत हसत गोठ्याकडे गेले.

पुढे ती नर्स झाली, घाटावरच्या दवाखान्यात लागली आणि तिथल्याच एका पास्टरशी लग्न करून मोकळी झाली. सॅम्युअल, सरळ माणूस. पण त्यांचा पंथ वेगळा. लेकीने आपली इगर्ज सोडली म्हणून फिलूची आई वर्षभर तिच्याशी बोलली नाही. तिला पाझर फुटतो न फुटतो तोच मिशनने दोघांना आफ्रिकेत, मलावीला पाठवलं, आणि आयुष्य तिकडेच गेलं. पास्टर चर्च आणि शाळा बघायचे, ही दवाखान्याच्या पडवीत पोरांची वजनं घ्यायची, जखमा बांधायची, बाळंतपणं करायची. रूथचा जन्म तिथलाच. फिलू काही वर्षांनी एकदा मे महिन्यात यायची आणि जाताना पिशवी भरून कोकमाची सोलं आणि तिरफळं न्यायची. "मक्याच्या पिठाचो गोळो खातंव गो आमी," फोनवर सांगायची, "आणि मासो तळ्यातलो. खारटपणाच नाय त्येका. समुद्राचो मासो तो मासो."

एकदा तिकडे एका बाईचं पोर तापाने फणफणलं होतं. पास्टर दुसऱ्या गावी गेलेले. बाई म्हणाली, प्रार्थना कर. फिलूला म्हणे इंग्रजी आठवेना, तिकडची भाषाही आठवेना. तोंड उघडलं आणि गाऱ्हाणंच बाहेर पडलं. "बा येसू म्हाराजा..." पोर वाचलं. मग काय, बायका ऐकेनात. बाळंतपण म्हणू नका, प्रवास म्हणू नका, फिलूने गाऱ्हाणं घालायचं आणि त्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. पास्टर चिडले. "फिलोमिना, हे देवळातलं आहे." हिचं उत्तर तयार, "मगे? देवळातला म्हणान तो आयकणा नाय?" मला हे फोनवर सांगून वर विचारते कशी, "तुझो बापूस असतो तर काय म्हणालो असतो गो?" आमच्या देवाचं मागणं, येसूकडे, मालवणीत, आणि व्हय म्हणणार मलावीच्या बायका... अभिमान वाटावा, की आमची वस्तू न विचारता उचलून नेली म्हणून रागवावं? दोन्ही वाटलं. अजून वाटतं.

गेल्या मे महिन्यात ती शेवटची आली. आम्ही दोघी दफनभूमीत तिच्या आईकडे गेलो होतो. बाजूच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून म्हणाली, "माका हंयच ठेवा. आवशीच्या बाजूक." मी म्हटलं, गप ऱ्हव. परत येताना रिक्षात तिला तिकडून फोन आला, कुणाचे तरी दिवस भरले होते. फोन ठेवला आणि म्हणाली, "माका आता घराक जावक होया." रजा अजून बाकी होती. मी विचारलं, "आणि हंय काय आसा?" "हंय पण घरच गो," म्हणाली. तिचा तिलाच पत्ता लागला नव्हता, तर मला कुठून लागणार?

माती होऊन महिना झाला आणि रूथ आली. बोलणं मोडकंतोडकं, पण आईसारखं हात हलवून. पप्पा जेवत नाहीत, म्हणाली. माती कुठे द्यायची ते त्यांनी एकट्याने ठरवलं, आता तेच त्यांना खातंय. "मम्मीला इथे यायचं असेल तर पप्पा सरकारकडे जातील, परवानग्या काढतील, तिला उकरून आणतील. तिथेच राहायचं असेल तर तेही तिथेच राहतील. ते म्हणाले, मावशीला विचार. मम्मी बोलली असेल तर तिलाच." मी चहाचं निमित्त करून आत गेले. परत आले तर रूथने फोनवर मातीच्या दिवशीचं चित्रण लावलेलं. पास्टरांची प्रार्थना संपते, आणि गर्दीतून एक म्हातारी पुढे येऊन तिच्या भाषेत मोठ्याने बोलू लागते. एक अक्षर कळेना. पण तिचं वाक्य थांबलं की सगळ्या बायका, "व्हय म्हाराजा." पुन्हा वाक्य, पुन्हा व्हय. सॅम्युअल मान खाली घालून उभे होते. त्यांचेही ओठ हलत होते... मला रडू आवरेना. रूथ म्हणाली, "मावशी, सांग ना." मी म्हटलं, "पप्पांका सांग, ती थंयच बरी आसा."

"मम्मी असं म्हणाली होती?"

"म्हणाली होती," मी म्हटलं.

रूथने तिथूनच वडिलांना फोन लावला. सगळं सांगून फोन माझ्या हातात दिला. पलीकडून ते म्हणाले, "ताई, आज जेवतो मी." रूथ गेली. त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तिला मी तिच्या माणसांत राहू दिलं, की तिच्या आईपासून तोडलं? एकदा हे वाटतं, एकदा ते. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, बरा केलंस. पण बरं केलं की नाही हे ज्यांनी सांगायचं त्या दोघी मातीत, एक इथे, एक तिथे. म्हणून परवा रविवारी, इगर्जीतली माणसं घरी गेल्यावर, मी एकटीच दफनभूमीत गेले. फिलूच्या आईपाशी बसले. कोणी बघत नाही ना, पाहिलं. मग सांगितलं, "माय, फिलू काय आता येवची नाय. तिची वाट बघू नको. तिका हंय येवचा होता, माझ्याकडे तसा बोललली, पण मीच खोटा सांगलंय. थंय तिची माणसां खूप आसत, आणि तो पास्टर जेवणा नाय होतो. रागावचा असात तर माकाच रागाव. तिच्यार रागावू नको."